वारा त्यांचा, पाऊस आमचा

मेढ्यात वारा कुणी मोजत नाही, पाऊस मोजतात. रोहिणीचं नक्षत्र लागलं की माणसं केळघर घाटाच्या अंगाला बघायला लागतात, ती ढगासाठी. वाऱ्याची दखल एवढीच, की पत्र्यावर दगड ठेवा, गंजीवर दोर टाका. वेण्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला पावसाची सगळी कुळी ठाऊक असते. वळीव कोणता, मृगाचा कोणता, आषाढातली झड किती दिवस टिकेल, हे घरातली म्हातारी माणसं आढ्याकडं बघून सांगतात. पण हा पाऊस आमच्या डोंगराशी येऊन पोचतो तो कुणाच्या पाठीवर बसून, हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात शिकलो आणि तिथंच ठेवून दिलं. नकाशावर अरबी समुद्रात नैऋत्येकडून निघालेले चार-पाच बाण होते. बाण पाठ झाले, परीक्षेत काढले, गुण मिळाले. त्या बाणांच्या वाटेवर एखादं गाव असेल, त्या गावानं शेकडो वर्षं याच वाऱ्यावर पोट भरलं असेल, हे मनातही आलं नव्हतं. ते गाव मी पाहिलं. ओमानच्या पूर्व टोकाजवळचं सूर.

आम्ही चौघं सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या शाळेतले, एका वर्गातले. एकजण मस्कतला, समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या कामात. एक सुताराच्या घरचा. त्याच्या वडिलांनी जावळीतल्या निम्म्या गावांना बैलगाड्या आणि नांगर करून दिले, त्याचा स्वतःचा आज पुण्यात लाकडी सामानाचा कारखाना आहे. एक भूगोलाची शिक्षिका. आणि चौथा मी, भाताच्या चार खाचरांचा धनी. मस्कतवाला किती वर्षं ‘या, या’ म्हणत होता. मे महिन्याच्या अखेरीस शाळेची सुट्टी संपायच्या आत जायचं ठरलं तेव्हा तोच म्हणाला, “या दिवसांत इथं कोणी येत नाही रे, अंग भाजतं.” पण शिक्षिकाबाईंचा हट्ट होता. तिला कासवं बघायची होती, आणि ती याच दिवसांत जास्त येतात. शिवाय तिला आणखी काही बघायचं होतं, ते तिनं तिथं पोचेपर्यंत सांगितलं नाही.

मस्कतहून सूर सुमारे दोनशे किलोमीटर. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला हजर पर्वत. आमच्या डोळ्यांना डोंगर म्हणजे झाडी, धुकं, ओहोळ. इथला डोंगर नुसता हाडांचा. गवताची काडी नाही, मातीचा थर नाही, खडकाचे पदर उघडे पडलेले. वाटेत कुरियात नावाचं मासेमारीचं गाव लागतं. २६ जून २०१८ ला इथं चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही; रात्रीच्या उकाड्याचा तो जगातला उच्चांक मानला गेला. समुद्र हाताच्या अंतरावर आणि ही गत. गाडीची काच खाली केली तर चेहऱ्यावर चुलीचा भपकारा आल्यासारखं झालं. सुतार म्हणाला, “इथं लाकूड किती दिवसांत फाटत असेल!” त्याचं लक्ष पहिल्यापासून लाकडावर होतं.

सूरच्या अलीकडं कल्हात आहे. आज तिथं दगडांचे ढीग, पाण्याची टाकी आणि बीबी मरियमची घुमट पडलेली कबर एवढंच उरलंय, पण एके काळी होर्मुझच्या राज्याचं हे मोठं बंदर होतं. मार्को पोलोनं त्याचं वर्णन केलंय, इब्न बतूता इथं पायी येऊन पोचला होता. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं. २०१८ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा मान दिला. उन्हात त्या भिंतींपाशी उभं राहिल्यावर मला एका गोष्टीनं धरून ठेवलं. याच बंदरातून घोडे जहाजात चढत आणि आपल्याकडं चौल, दाभोळ, गोव्याला उतरत. दख्खनच्या सुलतानांचं घोडदळ अरबस्तानातल्या घोड्यांवर उभं होतं, आणि ते घोडे समुद्र पार करत ते गवताचं पातंही नसलेल्या या किनाऱ्यावरून. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी असाच एक घोडा घेऊन होर्मुझहून मस्कतमार्गे चौलला उतरला. पावसाळा त्याला जुन्नरला काढावा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय. जुन्नरच्या पावसाचं त्याला एवढं, तर आमच्या जावळीच्या खोऱ्यात तो आला असता तर त्याचं काय झालं असतं, हे मी मनाशी म्हटलं. पण या बिचाऱ्या निकितीनची आठवण पुढं वेगळ्याच कारणानं आली.

सूर पांढरं गाव आहे. चुन्याच्या रंगाची बसकी घरं, सपाट धाबी, त्यांच्यामध्ये एकदम समोर येणारे सागवानी कोरीव दरवाजे. समुद्राचा एक हात जमिनीत वळून आत शिरलाय आणि त्याची मोठी खाडी झालीय. खाडीच्या पलीकडच्या काठावर अल् अय्जा, तिथं दीपस्तंभ, टेकड्यांवर टेहळणीचे बुरूज. पूर्वी तिकडं होडीनं जायचे. आता झुलता पूल आहे. भरतीच्या वेळी खाडी काठोकाठ भरते, ओहोटीला जुनी गलबतं एका कुशीवर कलंडून पडतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळं गाव काठावर येतं. पोरं चिखलात फुटबॉल खेळतात. चहाच्या टपरीवर मल्याळी माणूस, दुकानात गुजराती, नावेवर बांगलादेशी. हिंदी बोललं की सगळ्यांशी बोलता येतं. भारतीय पोरांची शाळा आहे. पहिल्या रात्री आम्ही जी सुरमई खाल्ली तिची चव सांगायला लागलो तर हा लेख तिथंच अडेल.

पण सूरचं खरं घर म्हणजे तिथला जहाजांचा कारखाना.

वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या, झाड नसलेल्या या गावानं जहाजं बांधली. थोडीथोडकी नाहीत, या किनाऱ्यावर सूरच्या सुतारांचं नाव सगळ्यांत पुढं होतं. लाकूड कुठलं? साग आणि फणसाच्या कुळातली आइनी, दोन्ही आपल्या पश्चिम घाटातली, मलबारच्या बंदरांतून जहाजात भरून आणलेली. म्हणजे जहाज बांधायला लाकूड हवं आणि लाकूड आणायला आधी जहाज हवं. खाडीच्या काठावरच्या त्या उघड्या अंगणात आता काम थोडंच चालतं, कारागीर बहुतेक भारत-बांगलादेशातले. एका मोठ्या सांगाड्याखाली आमचा सुतार शिरला तो अर्धा तास बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा हाताला भुसा आणि चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद.

“हे लोक आधी फळ्या लावतात, बरगड्या नंतर,” तो म्हणाला. “कागदावर काही नाही. सगळं नजरेत.”

खरंच तसं आहे. अरबी गलबताची पद्धतच ती: आधी खालचा कणा, मग त्यावर एकावर एक फळ्या चढवत बाहेरचं अंग उभं करायचं आणि मग आतून आधाराच्या बरगड्या बसवायच्या. पूर्वी लोखंडी खिळाही नव्हता. फळ्यांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीनं शिवत. १९८० मध्ये टिम सेव्हरिन नावाच्या आयरिश-ब्रिटिश प्रवाशानं इथंच, सूरच्या किनाऱ्यावर, जुन्या पद्धतीचं शिवलेलं जहाज बांधून घेतलं. लाकूड मलबारचं, काथ्या आणि तो शिवणारे हात लक्षद्वीपचे. ‘सोहार’ नावाचं ते जहाज मस्कतहून निघून १९८१ मध्ये चीनमधल्या कँटनला पोचलं. खिळा नाही तरी सबंध हिंदी महासागर आणि चीनचा समुद्र त्यानं ओलांडला. आज ते मस्कतला एका चौकात उभं आहे. येताना आम्ही ते पाहिलं होतं, पण सुतारानं काहीतरी शोभेचं म्हणून सोडून दिलं होतं. परत जाताना त्याच्यासाठी गाडी थांबवावी लागली.

भोकं पाडायचं त्यांचं हत्यार त्यानं हातात घेऊन पाहिलं. धनुष्यासारख्या काठीला दोरी, दोरीच्या वेढ्यात फिरणारा दांडा. “आपला सामता!” त्याच्या वडिलांच्या पेटीत तो अजून आहे. वाकससुद्धा तशीच, फक्त दांडा थोडा आखूड. आणि बरगड्यांच्या लाकडाला हात लावून तो म्हणाला, “ही बाभूळ आहे.” मस्कतवाल्यानं कारागिराला विचारून घेतलं. बाभूळच होती. फळ्यांना परमुलखाचा साग लागतो कारण तो पाण्यात टिकतो, पण वाकड्या बरगड्यांना इथल्याच ओढ्यांकाठची बाभूळ आणि बोरीच्या जातीचं झाड वापरतात, कारण निसर्गतःच वाकलेला दांडा कापून वाकवलेल्या दांड्यापेक्षा मजबूत. गाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचाच का, हे मला त्याच्या वडिलांनी लहानपणी असंच समजावून दिलं होतं. सुतारानं त्या चितगावच्या कारागिराशी कोणत्या भाषेत बोलणं केलं देव जाणे, पण दोघं खाली बसून भुशावर बोटानं रेघा ओढत होते आणि दोघांनाही कळत होतं.

मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवलं. आरमारासाठी साग वगैरे लाकूड हुकमानं तोडावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं त्यात बजावलंय. अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडं जहाजाच्या लाकडाचा हा विचार चालला होता आणि तेव्हाच समुद्रापलीकडं लाकूडच नसलेलं एक गाव आपल्या घाटातल्या सागावर जगत होतं. ज्याच्या दारात झाड आहे त्याला झाड राखायचं शिकवावं लागतं. ज्याच्या दारात नाही तो एका सागाच्या फळीसाठी महिनेच्या महिने समुद्रात घालवतो. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या आणि आमच्या खोऱ्यात गेल्या काही वर्षांत उघडे पडलेले उतार डोळ्यांपुढं आले.

कारखान्याशेजारी ‘फतह अल् खैर’ उभं आहे. १९५१ मध्ये सूरमध्येच बांधलेलं मोठं गलबत. पुढं ते येमेनमध्ये विकलं गेलं. तिकडं ते कामाला लागलेलं गावाला कळलं तेव्हा गावानं वर्गणी काढली आणि १९९३ मध्ये ते परत विकत घेऊन आणलं. मला हे फार मोठं वाटतं. विकलेली वस्तू परत आणायला पैसे जमवणारी गावं थोडी. त्याच्या मागच्या बाजूची नक्षी पाहत आम्ही बराच वेळ उभे होतो.

मात्र या जहाजांच्या देखणेपणात दुसरी बाजू झाकली जाऊ नये. खजूर, मीठ, सुकी मासळी घेऊन सूरची गलबतं झांजिबारला जात आणि तिथून खारफुटीचे वासे, लवंग, आणि माणसंही आणत, विकायला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी गुलामांचा व्यापार बंद करायचे करार सुलतानाकडून करून घेतले, तपासणी सुरू केली. तेव्हा सूरच्या कित्येक जहाजमालकांनी फ्रान्सचा झेंडा लावला, म्हणजे इंग्रज अडवणार नाहीत. ते प्रकरण एवढं पेटलं की १९०५ मध्ये हेगच्या लवाद न्यायालयापुढं गेलं. एवढ्याशा गावाच्या गलबतांवरून इंग्लंड आणि फ्रान्स न्यायालयात उभे! इंग्रजांच्या मनात केवळ माणुसकी होती असं मी म्हणणार नाही, पण ज्या फळ्यांवरून आम्ही कौतुकानं हात फिरवला, त्यांच्यासारख्याच फळ्यांवर साखळीतली माणसं बसली होती, हे खरं आहे आणि ते मनात धरूनच ते जहाज पाहायला हवं.

आगबोटी आल्या, सुएझचा कालवा झाला, झांजिबार वेगळं झालं आणि सूर मागं पडलं. १९७० पर्यंत इथं आपला रुपयाच चालायचा. रिझर्व्ह बँकेनं १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. त्यानंतर तेल आलं, रस्ते आले. गेल्या पंचवीस वर्षांत कल्हातजवळून द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजं निघतात. नळाला समुद्राचं पाणी येतं, गोडं करून. आमच्या मित्रानं ते काम समजावून सांगितलं: खारं पाणी प्रचंड दाबानं अतिबारीक पडद्यातून ढकलायचं, मीठ अलीकडं राहतं, पाणी पलीकडं जातं. आणि मग तो जे बोलला त्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही. तो म्हणाला, “इथं वर्षाला शंभर मिलिमीटर पाऊस नाही, पण चोवीस तास नळ आहे. आपल्याकडं डोंगरातल्या वाड्यांवर चैत्रात बाया हंडा घेऊन उतरतात.” कोयनेच्या पाण्याखाली आमच्या तालुक्यातली गावं गेली, कण्हेरच्या धरणात जमिनी गेल्या. पाणी आमच्या दारावरून जातं. ज्या वाड्यांच्या अंगावर पावसाळ्यात धोधो कोसळतो त्यांच्याच दारात एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात. हे इथं, मीठ गाळून पाणी पिणाऱ्या गावात, जास्त बोचलं. आमच्याकडं पाण्याची वाण नाही. ते धरून ठेवायची आणि वर चढवायची इच्छा कमी पडते, आणि ती आपलीच आहे, सरकारची एकट्याची नाही.

शिक्षिकाबाईंनी जे सांगितलं नव्हतं ते सूरहून दक्षिणेला, अल् अश्खरा नावाच्या मच्छीमारांच्या गावी होतं. रास अल् हद्द हे अरबस्तानाचं पूर्व टोक ओलांडून किनारा नैऋत्येला वळतो. इकडं सूरमध्ये बेचाळीस अंश, आणि वळण ओलांडून थोडं पुढं गेलो तर गाडीवर वारा आदळायला लागला. अल् अश्खराला उतरलो तर डोक्यावरची टोपी गेली, सुताराच्या हातातला चहा उडाला. हवा गार! ओमानी कुटुंबं मस्कतहून इथं उन्हाळ्यात थंडाव्याला येतात, चटया अंथरून बसतात. समुद्र राखाडी, खवळलेला. मागं वाळूचे डोंगर.

ती वाऱ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि ओरडून बोलायला लागली, कारण साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी तिच्या वर्गात कधी बसलो नाही, पण ती कशी शिकवत असेल ते त्या दिवशी कळलं. विषुववृत्ताच्या खालून निघालेला वारा आफ्रिकेच्या डोंगरांना घासून सोमालियावरून वळतो, तिथं तो जगातल्या सर्वांत जोरदार वाऱ्यांपैकी एक होतो आणि या किनाऱ्याला समांतर धावत अरबी समुद्रावर सुटतो. धावताना तो वरचं पाणी किनाऱ्यापासून बाजूला लोटतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. म्हणून इथं गारवा, म्हणून इथं मासळी उदंड. आणि म्हणूनच इथं पाऊस नाही. खाली थंड समुद्र, वर वाळवंटातली तापलेली कोरडी हवा. ढग उभा राहायला जागाच मिळत नाही. आणखी दक्षिणेला, सलालाला डोंगर आडवा येतो, तिथं नुसतं धुकं आणि झिमझिम. इथं वारा कोरडाच निघून जातो. वाटेत समुद्र पिऊन घेतो आणि—

“आणि केळघरला आपटतो,” सुतार म्हणाला.

“हो. केळघरला आपटतो.”

वाळूच्या टेकड्यांकडं बोट करून तिनं सांगितलं, की शर्किया नावाच्या या वाळवंटाच्या लांबच लांब दक्षिणोत्तर टेकड्या याच वाऱ्यानं रचल्यात. मूठभर वाळू हातावर घेऊन पाहिली तर त्यात शिंपल्यांचा चुरा होता. समुद्र मागं हटलेल्या काळात उघडा पडलेला तळ या वाऱ्यानं उचलून जमिनीवर आणून टाकला. मी तसाच ती मूठ घेऊन उभा राहिलो. एकच वारा. इथं तो वाळवंट रचतो आणि आमच्याकडं भात. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडला, सूरला सहा वर्षांतही तेवढा पडत नाही. त्या दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघरवर डोंगर खचला, आमचे घाट तुटले. तो पाऊस इथूनच, या उघड्या बोडक्या किनाऱ्यावरून, एक थेंबही न सांडता गेला होता. बाण पाठ केलेल्या माणसाला बाण अंगावर घ्यायला मिळाला. इतका वेळ मी कधी वाऱ्यात नुसता उभा राहिलो नव्हतो.

कासवं पाहिली, रास अल् जिन्झला, रात्री, वाटाड्याच्या मंद दिव्यामागं चालत. हिरवं कासव वाळू खणतं, शंभरएक अंडी घालतं, वाळू लोटतं आणि दमून समुद्राकडं जातं. जिथं जन्मलं त्याच किनाऱ्यावर मादी परत येते. आपल्याकडं रत्नागिरीत वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांसाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून जे काम उभं केलं, त्याची आठवण काढत आम्ही परतलो. एवढंच म्हणतो, ते बघायचंच असतं.

शेवटच्या संध्याकाळी अय्जाच्या काठावर एका म्हाताऱ्या खलाशाची भेट झाली. आमच्या मित्राच्या ओळखीच्या पोराचे आजोबा. ऐंशी ओलांडलेली, पांढरी दाढी, समुद्राकडं तोंड करून बसायची सवय. कहवा आला, खजूर आला. आमच्या शिक्षिकेला घरातल्या बायकांनी आत नेलं. ती परत आली ती ऊदाच्या धुराचा वास घेऊन. आजोबांची हिंदी मुंबईच्या बंदरातली होती. बापाच्या गलबतावर ते पोरवयात पाणी वाटायच्या कामाला चढले. वाऱ्याचा जोर उतरला की इथून निघायचं, खजूर घेऊन. मुंबई, मंगळूर, कालिकत. तिथून कौलं, तांदूळ, साग, काथ्या. थंडीतल्या वाऱ्यावर परत, किंवा आफ्रिकेच्या अंगाला. झांजिबारहून येताना मात्र वैशाखातला हा वारा पाठीशी घेऊन यायचं, जोर वाढायच्या आत सूरची खाडी गाठायची. एकदा ज्येष्ठ लागला की समुद्र बंद. त्या दिवसांत फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा, लाकडाला माशाचं तेल पाजायचं.

आमच्या कोकणातही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असतो, मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते माहीत होतं.

“मुंबईचा पाऊस पाहिला असेल मग तुम्ही,” मी म्हटलं.

“नाही.”

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. पण त्यांनी समजावून सांगितलं. पाऊस संपल्यावर पोचायचं आणि सुरू व्हायच्या आत निघायचं, हीच तर सगळी नाखवेगिरी. पावसात सापडलेलं गलबत म्हणजे बुडालेलं गलबत. ते आमचा किनारा पाहायचे तेव्हा डोंगर हिरवे असायचे, नद्या भरून वाहायच्या, लाकूड ओलं असायचं. जे घडायचं ते घडून गेलेलं असायचं. आयुष्यभर हा वारा त्यांनी ओळखला, त्याचा वास, त्याची वेळ, त्याच्या आधी आकाशात येणारी झाक. आणि तो तिकडं जाऊन काय करतो ते एकदाही पाहिलं नाही. मला जुन्नरचा चिखल पाहिलेला तो निकितीन आठवला. त्याचा घोडा एका खानानं काढून घेतला होता, पण या बाबतीत तो नशीबवान होता.

त्यांच्या लक्षात राहिलेला पाऊस एकच, जून २००७ चा. गोनू वादळाचा. कोरड्या ओढ्यांमधून लोंढे आले, रस्ते वाहून गेले, ओमानमध्ये पन्नासच्या आसपास माणसं दगावली. पाऊस म्हटलं की त्यांच्या नातवाच्या डोळ्यांपुढं तेच येतं.

“तुमच्याकडं तो कसा येतो?” आजोबांनी विचारलं. “पहिल्या दिवसापासून सांगा.”

मग आम्ही सांगायला बसलो. मी खाचरांचं सांगितलं: पहिल्या पावसात तरवा टाकायचा, महिनाभरानं चिखलणी, मग गुडघाभर चिखलात वाकून लावणी, पाठीवर इरलं, पाऊस थांबायची वाट न बघता. भात पाण्यात उभं असतं आणि पाणी खाचरातून खाचरात उतरत वेण्णेला जातं, हे त्यांना हातानं दाखवावं लागलं. सुतारानं लाकडाचं सांगितलं: दारं फुगतात, चौकटीत बसत नाहीत, म्हणून त्याचे वडील पावसाळ्याच्या अंदाजानं सुताभर फट ठेवायचे. यावर आजोबा पुढं सरकले. फळी पाण्यात फुगून फट मिटते हे त्यांच्या धंद्याचं पहिलं ज्ञान. शिक्षिकेनं घराच्या भिंतींना बांधायच्या गवताच्या झापांचं, चुलीवरच्या माळ्यात वाळत घातलेल्या लाकडांचं, ओढा ओलांडता येत नाही म्हणून वर्गात न आलेल्या पोरांचं सांगितलं. मस्कतवाला शेवटी बोलला. तो म्हणाला, आवाज. पत्र्यावरचा आवाज. इतक्या वर्षांत इथं त्याला झोप लागते, पण आषाढात लागायची तशी नाही.

“किती दिवस?” नातवानं विचारलं.

“चार महिने.”

नातवाला ते पटलं नाही. आजोबांनी सुताराकडं पाहिलं. लाकूड जाणणाऱ्या माणसाचं त्यांना खरं वाटत असावं. सुतारानं चार बोटं वर केली.

“येतो,” आजोबा म्हणाले. “या वर्षी नाही, पुढच्या वर्षी. हा घेऊन येईल मला.” नातवानं फोन काढला. मुंबईला उतरून साताऱ्याला कसं यायचं, साताऱ्याहून मेढ्याला गाडी कुठं मिळते, आषाढात महाबळेश्वरच्या बाजूनं का येऊ नये, हे सगळं आम्ही एकमेकांचं वाक्य तोडत सांगितलं. राहायचं आमच्या घरी, ते ठरलंच. चामड्याची चप्पल नको, रबराची हवी. आजोबा म्हणाले, खजूर घेऊन येईन, पोतंभर, आमच्या बागेतला.

“पोत्यात नको,” मस्कतवाला घाईनं म्हणाला. “पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकणाच्या. आमच्याकडं त्या दिवसांत मिठाचंसुद्धा पाणी होतं.”

आजोबांनी नातवाला तेही लिहून घ्यायला लावलं.